वजन अडकलं की काय करायचं? अमरावतीच्या आखाड्यापासून हेलसिंकीपर्यंत

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला उभं राहा, एक वाक्य हमखास ऐकू येतं. "भाऊ, चार महिने झाले, बेंच साठच्या पुढं जाऊनच नाही राह्यला." मग सल्ले सुरू. कोणी म्हणतो सेट वाढव, कोणी म्हणतो सगळा प्रोग्रॅमच बदल. आणि एखादा हळूच कानाशी येऊन सांगतो, "शॉट घेऊन टाक." हा शेवटचा सल्ला सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात महाग पडतो. बाहेरून स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, आणि हृदयाला, यकृताला धोका होतो तो वेगळाच. वीस-बावीस वर्षांच्या पोरानं पाच किलोसाठी एवढी किंमत मोजायची?

गंमत अशी, की ‘अडकलो, आता काय?’ हा प्रश्न जिमपेक्षा फार जुना आहे. त्याची बरीच उत्तरं आपल्याच गावात शोधली गेलीत.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सगळ्यांना माहीत आहे, निदान त्याच्या मैदानावरून तरी. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी 1914 मध्ये ते सुरू केलं. त्या काळात आखाडा म्हणजे लाल माती, जोर-बैठका, मुद्गल, मलखांब. दुसरीकडे इंग्रजी शाळांमधून ड्रिल आणि जिम्नॅस्टिक्स येत होतं. बऱ्याच जणांनी एक बाजू धरली आणि दुसरीला नावं ठेवली. अमरावतीनं दोन्ही घेतलं. मलखांबाच्या शेजारी जिम्नॅस्टिक्स, लेझीमच्या शेजारी मैदानी खेळ. 1936 मध्ये मंडळाचा संघ बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या निमित्तानं जमलेल्या जगाला त्यानं कबड्डीसारखे आपले खेळ करून दाखवले. वऱ्हाडातली पोरं, तेही बोटीच्या प्रवासाच्या काळात. आजही मला याचं भारी वाटतं.

आता मलखांबाचंच घ्या. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबाचा उल्लेख आहे. पुढं हा प्रकार मागं पडला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. आख्यायिका अशी, की अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पेशव्यांच्या दरबारात आव्हान घेऊन आले. कोणी पुढं येईना, तेव्हा तरुण बाळंभटानं ते स्वीकारलं. अंगानं तो त्यांच्यापुढं कमीच. मग त्यानं बैठकांचा आकडा वाढवत बसण्याऐवजी साधनच बदललं. लाकडी खांबावर पकड, चपळाई, अंग पिळण्याचा सराव केला आणि अलीला हरवलं. आख्यायिकेत मीठमसाला असणारच. पण त्यातला विचार पक्का आहे: जिथं कमी पडतोय नेमकं तिथं काम करायचं.

ताकदीचं मोजमाप मात्र आपल्या आखाड्यांत ढोबळ राहिलं, असं माझं मत. जोर-बैठका हजारात मोजल्या जायच्या. त्यानं दम आणि चिवटपणा जबरदस्त येतो. पण अंगाचं वजन तेवढंच राहतं, त्यामुळं नुसत्या आकड्यानं कमाल ताकद एका हद्दीनंतर फारशी वाढत नाही. मुद्गल आणि नाल हे त्यावरचे उपाय होते, वस्ताद नजरेनं ठरवायचा कोणाला किती जड द्यायचं.

हे काम आकड्यांत बसवलं एका अमेरिकी लष्करी डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना तेव्हा हलकं वजन देऊन खूप वेळा पाय हलवायला लावत. थॉमस डीलॉर्मनं उलटं केलं: जड वजन, दहाच वेळा. 1945 मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. पण 1948 मध्ये त्यानं आणि सहकारी वॉटकिन्सनं स्वतःचीच पद्धत छाटली. फक्त तीन सेट ठेवले. दहा वेळा कसंबसं उचलता येतं ते वजन 40 किलो असेल, तर पहिला सेट 20 चा, दुसरा 30 चा, तिसरा 40 चा. तिसऱ्यात दहापेक्षा जास्त व्हायला लागले की वजन वाढवायचं. म्हणजे ज्या माणसानं जड व्यायामाचा पाया घातला, त्यालाच कळलं की जास्त सेट म्हणजे जास्त ताकद नव्हे. तुमचा साठवर अडकलेला बेंच आणि छातीचे आठवड्याला पंचवीस सेट, हे जरा शेजारी ठेवून बघा.

आणखी एक धागा 1936 चाच. त्या वर्षी हान्स सेलये या शास्त्रज्ञानं मांडलं, की शरीर ताणाला आधी धक्का खातं, मग जुळवून घेतं, आणि ताण थांबलाच नाही तर थकून जातं. सोव्हिएत प्रशिक्षक पुढं वर्षाचे टप्पे पाडू लागले: काही आठवडे भार चढता, मग मुद्दाम उतरता. मॅतवेयेवनं 1960 च्या दशकात ते पुस्तकबद्ध केलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, झोप धड होत नाही, घामानं जीव नकोसा होतो. तेव्हा रेकॉर्ड तोडायला जाणारा पोरगा जूनमध्ये ‘अडकलो’ म्हणतो. अरे, मे हा तुझा उतरता टप्पा होता ना!

म्हणून क्रम माझ्या मते असा. आधी झोप आणि ताट तपासा. अकोल्याची तूर देशभर जाते आणि आपल्या वाटीत वरणाचं नुसतं पाणी, असं नको. मग एक आठवडा वजन आणि सेट जवळपास निम्मे करा. परत आल्यावर चढला तर प्रश्न थकव्याचा होता. नाही चढला, तर एक-दीड किलोची छोटी वाढ, किंवा दहाऐवजी पाचाचे सेट. पद्धत बदलली की किमान सहा-आठ आठवडे वहीत लिहा. दर सोमवारी नवीन रील बघून नवीन प्रोग्रॅम, याला बदल म्हणत नाहीत. खांदा दुखत असेल तर यातलं काहीच नको, आधी डॉक्टर.

आणि खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा मातीत वाढला. 1948 ला लंडनला फ्लायवेटमध्ये सहावा आला. मॅट त्याला नवीन होती, गुणांचे नियमही वेगळे. ताकद कमी नव्हती, सराव दुसऱ्या जमिनीवरचा होता. तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनरकडून त्यानं मॅटवरचं तंत्र उचललं, परत येऊन चार वर्षं घासलं, वजनगट बदलून बँटमवेटमध्ये गेला. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. तिथं जपानच्या इशीशी लांबलचक कुस्ती झाली, ती हरली. लगेच पुढची कुस्ती सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लावली. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये 30 मिनिटं विश्रांती हवी होती, पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानंच उतरला आणि हरला. हाती आलं ते ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.