आरणगावचे बाबा आणि लंडनची तबकडी

आमचे आण्णा, म्हणजे आजोबा, नगर स्टेशनावर टांगा हाकायचे. आरणगावला मेहेरबाबांच्या दर्शनाला निघालेली पारशी, इराणी, गोरी मंडळी ही त्यांची हक्काची सवारी. पैशाला घासाघीस नाही, म्हणून आण्णांना बाबांविषयी माया. श्रद्धा मात्र मोहट्याच्या देवीवरच!

१९६९च्या जानेवारीची गोष्ट घरात इतक्यांदा निघायची, की खरं किती आणि रंगवलेलं किती, हे आता सांगता येत नाही. हुरड्याचे दिवस होते. आज्जी आगटीतून काढलेली कणसं तळहातावर चोळत होती, तेवढ्यात बातमी आली. पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझादला ३१ तारखेला बाबा गेले. देह आरणगावजवळच्या मेहेराबादच्या टेकडीवर आणून ७ फेब्रुवारीपर्यंत दर्शनाला ठेवला होता. भोवती बर्फ आणि गुलाबाची फुलं. आण्णा सांगायचे, बर्फाच्या लाद्या आपल्याच टांग्यातून गेल्या. आज्जी लगेच तोडायची, "काय बी सांगत्यात. तवा घोडं लंगडत हुतं."

आणि त्याच दिवसांत तिकडं लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ‘द हू’ या रॉक बँडची चार पोरं, एका पोराची कथा गाण्यांतून सांगणारी ‘टॉमी’ नावाची जोडतबकडी घडवत होती. सप्टेंबर १९६८ला सुरू झालेलं काम मार्चपर्यंत रेंगाळलं. खर्च निघावा म्हणून मधूनच कार्यक्रम करायला पळायचं, परत येऊन ध्वनिमुद्रणाला बसायचं. गाणी रचणारा पीट टाउनशेंड. माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्रानं त्याला बाबांची ओळख करून दिली होती. ‘टॉमी’चं वेष्टन रंगवलं तेही त्यानंच. निर्माता किट लॅम्बर्टला मोठा वाद्यवृंद हवा होता, पण टाउनशेंड अडून बसला. मग जॉन एन्टविसलनं फ्रेंच हॉर्न फुंकून तेवढी हौस भागवली. निक कोन नावाच्या समीक्षकाला कच्चं काम ऐकवलं, तर तो काही खूश होईना. त्याला पिनबॉलच्या खेळाचं वेड. झालं, कथेतला पोरगा पिनबॉलचा बादशहा झाला!

हा पोरगा आंधळा, बहिरा, मुका. इकडं आमच्या बाबांनी १० जुलै १९२५ला मेहेराबादेत मौन धरलेलं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून, नंतर नुसत्या खुणांनी बोलायचे. मौन सोडीन, असं सांगत राहिले, सोडलं नाही. मे १९६९मध्ये तबकडी आली, तिच्या वेष्टनावर ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव होतं. बाबा गेल्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

१९७२ला टाउनशेंड स्वतः बाबांच्या समाधीच्या दर्शनाला आला. पुढं आमच्या चुलत्यांनी त्याचा फोटो दाखवला, तेव्हा आण्णा ठासून म्हणाले, "हा लांब नाकाचा माझ्याच टांग्यात बसलावता." त्यांच्या टांग्यात कोण बसलं नव्हतं म्हणा!

चुलते पुण्याला शिकायला होते. एका सुट्टीत कुणाचा तरी रेकॉर्ड प्लेयर आणि ‘टॉमी’ घेऊन आले. आज्जी परातीत शेंगोळे वळत होती. गिटारी खणखणल्या तशी ती ओरडली, "आरं, ज्यानं तोंड उघडलं न्हाई, त्याच्या नावानं एवढा कल्ला?"

चुलत्यांनी मग तिला सगळी कथा समजावली. शेंगोळे वळता वळताच तिनं विचारलं, "त्या पोराला वाचा आली का शेवटाला?"

"आली की. आरसा फुटतो आणि तो बरा होतो. गुरू होतो, लोक पाठी लागतात."

"मंग?"

"मग तो शिकवायला लागतो, आणि लोक चिडून सोडून जातात."

"बघ," आज्जी म्हणाली, "बोलला आन् माणसं गेली. आरणगावला अजून रीघ हाय."