स्टीफन नावाची कुळकथा

पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्याला हिस्लॉप हे नाव नागपूरच्या कॉलेजामुळे ठाऊक. ते आडनाव आहे आणि त्यामागे स्टीफन नावाचा एक माणूस उभा आहे, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा त्या नावाचाच मला छंद लागला.

मूळ ग्रीक शब्द स्तेफानोस. अर्थ, डोक्यावर बांधायची माळ. शर्यत जिंकणाऱ्या गड्याला ग्रीक लोक पानांची अशी माळ घालीत. पुढे तोच शब्द मुकुटालाही लागला. आपल्या संस्कृतात याला नेमका जोड आहे : शेखर. शेखर म्हणजे मुळात मस्तकावरची फुलांची माळच. म्हणजे घरोघरचे शेखर अर्थाने स्टीफनच की!

पण ख्रिस्ती जगात हे नाव रुजले ते माळेमुळे नव्हे, मरणामुळे. ख्रिस्तामागून त्याच्या धर्मासाठी पहिला प्राण गेला तो या नावाच्या सेवकाचा. यरुशलेमेत लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. मारेकऱ्यांनी आपली वस्त्रे ज्याच्या पायांशी ठेवली, तो शौलच पुढे संत पौल झाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, स्टीफनचा सण असतो.

आपल्याकडे हे नाव आधी पोर्तुगीजांच्या तोंडून ‘एस्तेव्हांव’ होऊन गोव्यात उतरले. १५७९ साली तिथे आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याच्या आडनावात तेच आहे. १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही अस्सल मराठी ओवीत. मौज अशी की, स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हणणाऱ्या या माणसाने माणसांच्या नावांचे मात्र भाषांतर केले नाही.

विदर्भात स्टीफन आला तो स्कॉटलंडहून, १८४५ साली. हिस्लॉपने नागपुरात शाळा काढली, दगडांतले जीवाश्म जमवले, गोंडांच्या कथा-गाणी टिपली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. १८८३ साली निघालेल्या कॉलेजाने आडनाव घेतले. स्टीफन मागेच राहिला.

आणि नारायण वामन टिळक? १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी नाव नारायणच ठेवले. मला ते फार भावते. मग ख्रिस्ती घरात मुलाला शेखर म्हणून स्टीफनची आठवण राखता येईल काय? अर्थ राहील, पण दगड खाणारा तो माणूस त्यातून निसटेल. अशा घरी मी तरी मराठी बायबलातले ‘स्तेफन’ सुचवीन. मराठी जिभेवर ते छान बसते.