'हे घेऊन जा, तुम्हाला आवडेल' : देवघेवीच्या खिडकीचा इतिहास



ग्रंथालयांचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण इमारतींपासून सुरुवात करतो. कोनशिला कोणी बसवली, देणगी कोणी दिली, पहिल्या वर्षी पुस्तके किती होती. हे सगळं महत्त्वाचं आहेच, त्याचे अहवालही सापडतात. आज मात्र आम्ही तुम्हाला देवघेवीच्या खिडकीपाशी थांबवणार आहोत. त्या खिडकीआड बसलेला माणूस, पुष्कळदा बाई, समोरच्या वाचकाला पुस्तक पुढे करून म्हणते, 'हे घेऊन जा, तुम्हाला आवडेल.' हे वाक्य कुठल्याही अहवालात येत नाही. पण ते ग्रंथपालाने म्हणावं का, म्हणायचं तर स्वतःच्या आवडीने म्हणावं की वाचकाच्या हितासाठी, यावर दीडशे वर्षं वाद झालेला आहे.

वादाची सुरुवात शोधायची तर अमेरिकेत जावं लागतं. १८७६ साली फिलाडेल्फियात तिथले ग्रंथपाल एकत्र जमले आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशन स्थापन झाली. मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धतीही त्याच वर्षी छापली गेली, त्यामुळे ते वर्ष ड्यूईंच्या नावावर जमा झालं. त्याच परिषदेसाठी सॅम्युएल स्वेट ग्रीन नावाच्या गृहस्थांनी एक निबंध लिहिला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर या कारखान्यांच्या शहरात ते ग्रंथपाल होते. त्यांच्याकडे येणारे लोक म्हणजे कारागीर, यंत्रांवर काम करणारे, शाळकरी मुलं. ही माणसं तालिका बघून पुस्तक शोधू शकत नाहीत, आणि विचारायला बिचकतात, हे ग्रीन रोज बघत होते. म्हणून त्यांचं म्हणणं असं की ग्रंथपालाने आपण होऊन बोललं पाहिजे. दुकानदाराला जसं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलेलं आवडत नाही, तसं वाचक उत्तराशिवाय परत गेलेला ग्रंथपालाला आवडता कामा नये.

या निबंधात गोष्टी-कादंबऱ्यांविषयी एक सूचना आहे, ती आम्हाला फार मोलाची वाटते. ग्रीन सांगतात, देवघेवीवर अशी व्यक्ती बसवा, उदाहरणार्थ एखादी सुसंस्कृत स्त्री, जिला स्वतःला कल्पित साहित्य मनापासून आवडतं, आणि जिची रुची घडलेली आहे. मदत मागणाऱ्या प्रत्येकाशी तिने बोलावं. 'मनापासून आवडतं' ही अट त्या काळात धाडसाचीच म्हणायची. कारण तेव्हाच्या ग्रंथपालांना कादंबरी ही एक आपत्ती वाटत होती. लोकांच्या कराच्या पैशांतून ग्रंथालयं उघडायची, आणि बाहेर जाणाऱ्या पुस्तकांत निम्म्याहून कितीतरी जास्त कादंबऱ्याच! त्यावर तोडगा म्हणून पायऱ्यांची कल्पना निघाली. आज थरारक गोष्ट द्या, उद्या जरा बरी कादंबरी द्या, परवा चरित्र, असं करत करत वाचक इतिहासापर्यंत चढेल. शिफारस ही शिडी, आणि ग्रंथपाल ती धरून उभा. ग्रीनही या शिडीच्या पूर्णपणे बाहेर नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आपल्याकडेही त्या सुमारास हाच विषय तापलेला होता. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, १८४८चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८४०चं. पण वाचायला मराठीत होतं काय? 'मुक्तामाला' आली १८६१ साली, आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या अवास्तव कथांचा चांगलाच समाचार घेतला. मराठे ग्रंथपाल नव्हते. त्यांची तक्रार लेखकांशी होती. वाचकाला पुढे काय द्यायचं, हा प्रश्न आपल्याकडे ग्रंथालयाचा प्रश्न म्हणून पुढे आला तो बडोद्यात.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मग साहजिकच पुढची अडचण आली. पोरगं चौथी शिकलं, शेतावर गेलं, हातात छापलेला कागद पुन्हा आला नाही, तर शिकलेलं विसरणार. चरोतरात मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळाची वाचनालयं आधीच सुरू केली होती. महाराजांनी अमेरिका पाहिलेली होती. तिथून त्यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बोलावून घेतलं. बोर्डन हे कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल आणि ड्यूईंच्या कोलंबियातल्या शाळेत शिकवलेले. म्हणजे फिलाडेल्फियातल्या त्या पिढीचा वारसा थेट बडोद्यात उतरला. तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, महाराजांचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला झाला, १९११ साली ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं. 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं त्रैमासिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. बोर्डन परतल्यावर कारभार जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आला, आणि त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त आले.

बडोद्याच्या योजनेतला पैशांचा भाग पुष्कळांना माहीत असतो. गावाने वर्षाला १०० रुपयांपर्यंत जमवले तर तेवढेच पंचायतीने घालायचे आणि तेवढेच सरकारने. आमचं लक्ष मात्र पेट्यांकडे आहे. मध्यवर्ती ग्रंथालयातून लाकडी पेट्या गावोगाव जात. एका पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके. वाहतुकीचा खर्चही ग्रंथालयच सोसत असे. आता जरा विचार करा. ही पेटी भरणाऱ्याने गाव पाहिलेलं नाही, वाचक पाहिलेला नाही. त्याला फक्त अंदाज आहे की या गावातल्या नवसाक्षराला, त्याच्या बायकोला, पोरांना काय धरून ठेवील. पंचवीस पुस्तकांत पंचवीस उपदेशाची घातली तर पेटी न उघडता परत येणार. पेटी भरणं ही लांबून केलेली शिफारसच होती. आणि ती चुकली की पेटीच सांगत असे. जी पुस्तके कोरी परत आली, ती कोणाला नको होती हे उघड होतं.

आणि ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? इथे बडोद्याने जे केलं ते आजही ऐकणाऱ्याला नवल वाटतं. ग्रंथालय खात्यातच एक दृश्य-शिक्षणाची शाखा होती. तिच्याकडे सिनेमाची यंत्रं, मॅजिक लँटर्न आणि त्यांच्या काचपट्ट्या, दोन डोळ्यांनी पाहायची स्टिरिओस्कोपची चित्रं. हा सगळा पसारा घेऊन कर्मचारी खेड्यांत फुकट खेळ दाखवत. आपल्या मंडळींना पडद्यावरची चित्रं अगदीच नवी नव्हती म्हणा. कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने लँटर्नचे खेळ गावोगाव करून दाखवलेच होते. पण ग्रंथालयाच्या माणसाने पुस्तक आणि सिनेमा एकाच बैलगाडीतून आणावा, दोन्हीला आपलंच काम समजावं, हे वेगळं आहे. करमणूक ही वाचनाची वैरीण आहे असं बडोद्याच्या कारकुनाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

अमेरिकेत यानंतर, १९२०च्या दशकात, वाचक-सल्लागार नावाचं पदच तयार झालं. सल्लागार वाचकाला बसवून घ्यायचा, त्याची माहिती विचारायचा आणि त्याच्यापुरती यादी करून द्यायचा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जेनी फ्लेक्सनर यांनी १९२९पासून हे काम नावारूपाला आणलं. पुढे मंदीत नोकऱ्या गेलेली माणसं त्यांच्याकडे येत. पण तिथेही जोर स्वतःला सुधारण्यावर होता. केवळ मजेसाठी वाचणाऱ्याला त्या टेबलापाशी फारसं स्थान नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर हे टेबल हळूहळू उठलं. आपल्याकडे रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यांत वाचकाला पुस्तक मिळालं पाहिजे, तसाच पुस्तकालाही वाचक मिळाला पाहिजे, असा दुहेरी हिशेब आहे. त्यासाठी कपाटं उघडी हवीत आणि माणूस हजर हवा, हे ते पुन्हापुन्हा सांगत राहिले.

महाराष्ट्रात कपाटं बहुतेक बंदच राहिली. १९४५चा कोल्हापूर संस्थानचा कायदा झाला, १९६७चा महाराष्ट्राचा कायदा झाला, गावोगाव वाचनालयं झाली, पण कुलूप काही निघालं नाही. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कोणाकडून घेणार, ही भीती त्यामागे होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण तिचा परिणाम बघा. वाचक यादीतून दहा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देणार. आतून उत्तर येणार, 'आठ बाहेर गेलीत, एक बाइंडिंगला आहे.' मागे रांग लागलेली. अशा वेळी खिडकीतल्या माणसाने जे पुढे केलं, तेच आपलं वाचन. ड्यूईंचे आकडे राहिले पुस्तकाच्या कण्यावर, खरी तालिका त्या माणसाच्या डोक्यात.

आणि कितीतरी वाचक तर त्या खिडकीपाशी कधी आलेच नाहीत. दुपारी एक पोरगं पिशवी घेऊन यायचं, 'आईने सांगितलंय, काहीतरी चांगलं द्या.' आई कोण, तिने मागच्या महिन्यात काय नेलं, रडकं चालतं की नाही, सासूही वाचते का, हे सगळं त्या कारकुनाला ठाऊक. आपण हे पुस्तक वाचलंय हे कळावं म्हणून कोणी ठरावीक पानावर बारीकशी खूण करायचं. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी भिंतीवर असायची, आणि ती खूण ओळखणारा कारकून त्याच पाटीखाली बसलेला असायचा. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा, योगिनी जोगळेकरांच्या कादंबऱ्या लोकांच्या घरात पोचल्या त्या या वाटेने. समीक्षकांनी यातल्या पुष्कळ पुस्तकांकडे नाक मुरडून पाहिलं. खिडकीतल्या माणसाला ती चैन परवडणारी नव्हती, पुढच्या आठवड्यात तेच पोरगं परत येणार होतं. पुढे काही खासगी लायब्ऱ्यांनी व्हिडिओ कॅसेटही भाड्याने ठेवल्या, तेव्हा 'ही बघा, घरच्यांबरोबर बसून बघता येईल' हेही तिथेच सांगितलं जाऊ लागलं. दिवाळी अंकांच्या योजनेत तर आजही कुठला अंक आधी न्यायचा हे तिथेच ठरतं.

गंमत अशी की अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी हे १९८०च्या दशकात नव्याने शोधून काढलं. शिकागोजवळच्या डाउनर्स ग्रोव्ह इथल्या जॉइस सॅरिक्स आणि त्यांच्या सहकारी नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ साली वाचक-सल्ल्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी शिडी काढून टाकली. वाचकाला विषय विचारू नका, त्याला आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल बोलतं करा, असं त्यांचं सांगणं. तो 'सुटलं म्हणजे सुटलंच, रात्रीत संपवलं' म्हणतो, की 'त्यातली म्हातारी अजून डोळ्यांसमोर आहे' म्हणतो? पहिल्याला वेग हवा आहे, दुसऱ्याला माणसं. त्यावरून पुढचं पुस्तक सुचवायचं, मग ते गुन्हेगारीचं असो की गावाकडचं. ही रीत चित्रपटांनाही तितकीच लागू पडते. आमच्या मते मराठी वाचनालयातल्या कारकुनाला हे येत होतं. फक्त त्याला तसं शास्त्र म्हणून कोणी विचारलं नाही.

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग ठरतो, आणि वर्गावर अनुदान ठरतं. तपासणीला येणारा माणूस ग्रंथसंख्या बघतो, नियतकालिकं मोजतो, दाखलनोंदवही आणि सभासदांची संख्या बघतो. हे मोजता येतं, म्हणून मोजलं जातं. खिडकीतून सुचवलेल्या पुस्तकाला रकाना नाही. मग अनुदान तुटपुंजं पडलं की कात्री आधी त्या खिडकीतल्या पगाराला लागते. वीस-पंचवीस वर्षं एका गावाची आवड सांभाळलेली बाई निवृत्त होते, तिच्या जागी अर्धवेळ कोणीतरी येतं. संगणकावर पुस्तकाचं नाव टाकलं की ते आहे की नाही एवढं कळतं. 'आईने सांगितलंय, काहीतरी चांगलं द्या' याचं उत्तर त्यात टाकलेलं नसतं.

अगदीच अंधार आहे असं मात्र नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात २००९पासून पुन्हा पेट्याच निघाल्या आहेत. वाचकांच्या एका गटाकडे एक पेटी, ती वाचून झाली की दुसऱ्या गटाशी अदलाबदल. नाशिकमधून या पेट्या परगावी गेल्या, दुबईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी घरांतही पोचल्या. बडोद्याच्या पेटीत आणि या पेटीत शंभर वर्षांचं अंतर आहे. इथे पुस्तके पोचवायला पगारी माणूस नाही, देवघेवीची खिडकी तर नाहीच. ज्याच्या घरी पेटी ठेवलेली असते, त्याच्या दाराशी संध्याकाळी शेजारीण येते, आणि पेटीचं झाकण उघडायच्या आधी विचारते, 'यातलं तुम्ही काय वाचलंत?'