गोव्याची भुकटी

बारामती-इंदापूरकडे कोणाच्या कोपरावर वा गुडघ्यावर रुपेरी खवल्यांचा चट्टा उठला, कीं महारोगाची शंका घेणारे लोक आजही भेटतात. वस्तुतः सोरायसिस हा स्पर्शानें लागणारा रोग नव्हे. तरी पंक्तीस बसूं न देण्यापासून सोयरीक मोडण्यापर्यंतचा जाच रोग्यास या एका शंकेपायीं सोसावा लागतो. हा घोटाळा आपल्याकडीलच आहे असें मात्र नाहीं. आमच्या वैद्यकानें सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें मानिलीं. त्यांपैकीं ज्या एककुष्ठाशीं आजचे वैद्य सोरायसिस ताडून पाहतात, तें क्षुद्रांत पडतें. युरोपांत रॉबर्ट विलन यांच्या १८०८ सालच्या ग्रंथांतही या रोगास 'लेप्रा' हें नांव होतेंच. तें व्हिएन्नाच्या हेब्रा यांनीं १८४१ सालीं काढून टाकिलें.

याच्या उपचाराचा एक मोठा दुवा आमच्याच किनाऱ्यावर सांपडतो, हें फारसें कोणास ठाऊक नसावें. 'गोवा पावडर' नांवाची एक पिवळट भुकटी आपल्याकडे गजकर्णावर लावीत. मुंबईचे केंप यांनीं १८६४ सालीं तिची माहिती प्रसिद्ध केली. नांव गोव्याचें, पण झाड गोव्याचें नव्हे! ब्राझीलमधील बहिया प्रांतांतल्या अरारोबा वृक्षाच्या खोडांतील पोकळ्यांतून ती निघे, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारांतून इकडे येई. हें मूळ १८७५ च्या सुमारास उघड झालें. पुढच्याच वर्षीं लंडनचे बाल्मॅनो स्क्वायर यांनीं एक विलक्षण प्रकार नोंदविला. एका रोग्याचे चट्टे गजकर्णाचे समजून त्यांवर ही भुकटी लाविली गेली. चट्टे गेले, आणि मग कळलें कीं तें गजकर्ण नव्हतेंच, सोरायसिस होता. निदान चुकलें नसतें, तर हें औषध आणखी किती वर्षें गजकर्णापुरतेंच राहिलें असतें कोण जाणे.

भुकटीचे दोषही थोडे नव्हते. कातडी भाजे, कपडे डागळत, हात चुकून डोळ्यास लागला तर डोळा लाल होऊन सुजे. पहिल्या महायुद्धांत ब्राझीलचा माल जर्मनीस मिळेना, तेव्हां १९१६ सालीं तेथें तिच्याच धर्तीवर कृत्रिम डिथ्रॅनॉल तयार झालें. डाग त्याचेही पडतात; पण तें मलमाच्या रूपानें टिकून आहे.

आतां प्रकाशकिरणांचे उपचार आले, जैविक औषधांचीं इंजेक्शनें आलीं. बारामतींत २०१९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघालें. रोग समूळ जात नाहीं, आटोक्यांत राहतो. समूळ घालविण्याची हमी देणाऱ्या पुड्यांवर म्हणूनच आमचा विश्वास नाहीं. उलट मेथोट्रेक्सेटसारखें खरें औषधही जपून घ्यावें लागतें: तें या रोगांत आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें, आणि समजुतीच्या घोटाळ्यानें रोज घेतल्यास जिवावर बेततें.