बौद्धिक संपदेची वकिली : वस्तू, स्वामी, मर्यादा

बुद्धीने किंवा परंपरागत कौशल्याने निर्माण झालेल्या वस्तूचा अनधिकृत वापर रोखण्याचा कायदेशीर अधिकार म्हणजे बौद्धिक संपदा. या अधिकाराची नोंदणी, हस्तांतरण आणि संरक्षण हे ज्याचे नित्यकर्म, तो बौद्धिक संपदेचा वकील. तंत्रज्ञानविषयक वकिली ही येथे याच व्यवसायाची शाखा मानली आहे. कारण सॉफ्टवेअरच्या करारातही आधी स्वामित्वाचाच निर्णय करावा लागतो.

पणजीतील अशा वकिलापुढील प्रकरणे तीन प्रश्नांत विभागता येतात : (1) संरक्षणीय वस्तू कोणती? (2) तिचा स्वामी कोण? (3) अधिकाराची मर्यादा किती? वस्तू ठरल्याशिवाय स्वामी ठरत नाही. स्वामी ठरल्याशिवाय मर्यादा कोणाच्या अधिकाराची, हे सांगता येत नाही.

वस्तूचा विचार प्रथम. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशन मिळाले. अशा अर्जात वस्तूचे वर्णन, उत्पादनपद्धती, क्षेत्राचा नकाशा, उगमाचा पुरावा आणि वैशिष्ट्य द्यावे लागते. काजूची बोंडे मळून नीरो म्हणजे रस काढणे, तो आंबवणे, पहिल्या ऊर्ध्वपातनाने हुर्राक मिळवणे, हुर्राकात नीरो मिसळून पुन्हा भट्टीवर चढवणे, हा क्रम भट्टीवाल्याच्या अंगवळणी पडलेला असतो. तो पडताळता येईल अशा विधानांत मांडणे, हे वकिलाचे कार्य. विधान अतिव्यापक झाले तर परका माल आत शिरतो. संकुचित झाले तर खरा उत्पादक बाहेर राहतो. 2021 साली निर्देशन लाभलेल्या पेडण्यातील हरमल मिरचीलाही हीच कसोटी लागू पडते.

स्वामित्व द्विविध असते. (अ) सामूहिक : भौगोलिक निर्देशन 1999 च्या कायद्यातील कलम 24 नुसार विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, हरमलचा शेतकरी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घेऊ शकतो. (आ) वैयक्तिक : डिचोलीतील एखाद्या उद्योजकाने बाहेरच्या तंत्रज्ञाकडून सॉफ्टवेअर लिहून घेतले आणि मोबदलाही चुकता केला, तरी लेखी हस्तांतरणाअभावी कॉपीराइट सामान्यतः तंत्रज्ञाकडेच राहतो. हस्तांतरण झाले, पण लेखात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता. पहिल्या प्रकारात हस्तांतरणाला वावच नाही. दुसऱ्यात हस्तांतरणाच्या एका वाक्यावर उद्योगाचे भवितव्य ठरते.

मर्यादाही द्विविध. (अ) कालाची : पेटंट 20 वर्षे, व्यापारचिन्ह व भौगोलिक निर्देशन 10 वर्षे, पुढे नूतनीकरणक्षम, साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे. (आ) विषयाची : पेटंट कायद्याच्या कलम 3 नुसार निव्वळ संगणक प्रोग्राम आणि पारंपरिक ज्ञान यांवर पेटंट मिळत नाही. फेणीच्या परंपरागत कृतीला पेटंटऐवजी भौगोलिक निर्देशनाचा मार्ग का घ्यावा लागला, याचे उत्तर या दुसऱ्या मर्यादेत आहे.

आता व्यवसायाचे टप्पे. कायद्याची पदवी व महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद ही प्रवेशाची पात्रता. पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान शाखेची पदवीही लागते आणि स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. त्यानंतरचे टप्पे तीन : (1) मुदती सांभाळणे, शुल्क भरणे, हरकतींना उत्तरे देणे, (2) करार लिहिणे व स्वामित्वाचे वाद चालवणे, (3) वस्तूची व्याख्या करणे.

हे टप्पे उपरोक्त प्रश्नांशी ताडून पाहता एक नियम हाती येतो. नवा वकील मर्यादेपासून आरंभ करतो, अनुभवी स्वामित्वापर्यंत येतो आणि परिपक्व वकील वस्तूपर्यंत पोहोचतो. शिक्षणाचा क्रम विषयाच्या क्रमाच्या नेमका उलट आहे. मर्यादेचे ज्ञान कायद्याच्या पुस्तकात मिळते, स्वामित्वाचे कागदपत्रांत; वस्तूचे ज्ञान मात्र उत्पादकापाशीच असते. म्हणून काजूच्या हंगामात भट्टीवर आणि मिरचीच्या काढणीला शेतात घालवलेले दिवस हे या वकिलीचे मूलभूत शिक्षण होय. त्याचा आरंभ सनद मिळताच व्हावा. कारण व्याख्येतील दोष नंतरच्या कुशल युक्तिवादानेही सहसा भरून निघत नाही.