मारणं, कापणं आणि थांबवणं : कुत्र्यांच्या प्रश्नाचा इतिहास

रात्री दहानंतर बावड्याच्या रस्त्यावरून दुचाकी काढा, आजचा विषय आपोआप मागे लागेल. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण कोणाच्या शरीरावर कोणाचा किती हक्क, हा प्रश्न आमच्याच खात्यातला, म्हणून आज हा आगाऊपणा.

मारणं हा जुना उपाय. कंपनी सरकारच्या मुंबईत वर्षातल्या ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारत. 1832 साली ही मुदत वाढवली आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत असल्यानं पोलिसांची माणसं पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागली. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतावर पडावी लागते. 6 जूनला, त्यांच्या सणाच्याच दिवशी, जमाव बिथरला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, गोऱ्या शिपायांचा शिधाही अडला. कुत्र्यांवरून मुंबई बंद पडली, बघा!

मग आली शस्त्रक्रिया. मद्रासच्या ब्लू क्रॉसनं 1964 पासून हा मार्ग धरला. केंद्राचे नियम यायला 2001 उजाडलं. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा. 2023 च्या नव्या नियमांतही गाभा तोच.

पण न कापता? इथं गंमत आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग प्रजननाची चक्रं फिरवणारं एक संप्रेरक सोडतो. 1971 मध्ये शॅली यांच्या प्रयोगशाळेनं डुकरांच्या मेंदूंतून ते वेगळं काढून त्याची रचना उलगडली: अवघी दहा अमिनो आम्लं. त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी गिलेमिन मेंढ्यांच्या मेंदूंमागे होते. 1977 च्या नोबेलमध्ये दोघांनाही वाटा मिळाला. शर्यत मात्र काही गोड नव्हती. पुढच्याच वर्षी नोबिल यांच्या गटानं माकडांवर दाखवलं की हे संप्रेरक थांबून-थांबून दिलं तर यंत्रणा चालते, सतत दिलं तर बंद पडते. दारावरची टकटक कानावर येते. अखंड वाजत राहिली तर घरातला माणूस लक्षच देईनासा होतो, तसं.

डेस्लोरेलिनची कांडी याच तत्त्वावर चालते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, मानेखाली टोचतात. 4.7 मिलिग्रॅमची कांडी नर कुत्र्याला सुमारे सहा आठवड्यांनी वंध्य करते आणि निदान सहा महिने तसं ठेवते. सुरुवातीला उलट टेस्टोस्टेरॉन चढतं, मग उतरतं. युरोपात 2007 पासून तिला परवानगी आहे. असर ओसरला की नर पुन्हा पूर्ववत.

तत्त्वज्ञाला हे फार आवडायला हवं: न विचारता केलेलं, पण परत घेता येणारं. घरच्या कुत्र्याला ते छानच. रस्त्यावर मात्र अडचण येते. तेच कुत्रं सहा महिन्यांनी पुन्हा पकडणार कोण? आणि गल्लीत एक जरी नर सुटला तरी माद्यांना तो पुरतो. म्हणूनच माद्यांच्या शस्त्रक्रियेला महत्त्व. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला आपण खाच पाडतो, ती जन्मभराची खूण. कांडीवाल्याच्या कानाला कोणती खूण करायची, ते आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. विचारा तुम्ही, आपल्या भागातल्या डॉक्टरांना.