ग्रेट बेअर : हिमप्रदेशातील सरोवर आणि काठावरचे रेडियम

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात, उत्तर ध्रुववृत्ताच्या दोन्ही अंगांना ग्रेट बेअर सरोवर पसरलेले आहे. संपूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेल्या सरोवरांमध्ये ते सर्वात मोठे होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला अवघा कोकण विभाग त्यात सामावेल एवढे. कमाल खोली ४०० मीटरहून अधिक. नोव्हेंबरअखेरीपासून जुलैपर्यंत त्यावर बर्फाचे आच्छादन असते. एवढ्या विशाल जलाशयाच्या काठी कायमची वस्ती मात्र एकच, डेलिने. तेथे सहतू डेने या आदिवासी जमातीचे पाचशे-सहाशे लोक राहतात. बारमाही रस्ता तेथवर आजही पोहोचलेला नाही. तरीही विसाव्या शतकातील दोन मोठ्या घडामोडींशी, रेडियमचा व्यापार आणि अणुबॉम्बची निर्मिती यांच्याशी, या सरोवराचा निकटचा संबंध आला. त्याचे कारण त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील खडकांत आहे.

हे सरोवर दोन भिन्न भूप्रदेशांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे तुलनेने तरुण, गाळापासून बनलेल्या खडकांची सपाट भूमी, तर पूर्वेकडे पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांचा ‘कॅनेडियन शील्ड’ हा पट्टा. पूर्व काठावरील ज्वालामुखीजन्य खडक सुमारे १८७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या खडकांना पडलेल्या भेगांतून पुढे खनिजयुक्त उष्ण द्रावणे वाहिली आणि तेथे पिचब्लेंड हे युरेनियमचे खनिज, चांदी, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ व तांबे यांच्या शिरा तयार झाल्या. त्यामानाने सरोवर अगदी अलीकडचे. हिमयुगातील प्रचंड हिमस्तराने भूमी खरवडून त्याचे खोरे खोल केले. तो हिमस्तर वितळू लागल्यावर निर्माण झालेल्या एका महासरोवराचे ग्रेट बेअर, ग्रेट स्लेव्ह आणि अथाबास्का हे आज उरलेले अंश आहेत. हिमस्तराच्या याच घर्षणाने पूर्वेकडील खडक उघडे पडले.

कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे जे. मॅकिन्टॉश बेल यांनी १९०० साली या किनाऱ्यावर कोबाल्ट व तांब्याचे रंगीत डाग पाहिल्याची नोंद केली होती. ती वाचून खनिजशोधक गिल्बर्ट लाबाइन येथे आले आणि मे १९३० मध्ये त्यांना पिचब्लेंड सापडले. रेडियम तेव्हा जगातील सर्वात महाग पदार्थांपैकी एक होते. कर्करोगावरील उपचारांसाठी आणि अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्यांसाठी त्याला मागणी होती. बाजारावर बेल्जियन काँगोतील शिंकोलोब्वे खाणीची जवळजवळ मक्तेदारी होती. एल्डोराडो कंपनीने ‘पोर्ट रेडियम’ येथे खाण उभारली आणि ऑन्टारिओतील पोर्ट होप येथे शुद्धीकरण कारखाना काढला. कॅनडाचे रेडियम बाजारात येताच त्याचे भाव झपाट्याने उतरले.

येथे एक गणित ध्यानात घ्यावे लागते. युरेनियमच्या विघटनातूनच रेडियम तयार होते, परंतु खनिजात त्याचे प्रमाण अत्यल्प, ३० लाख भाग युरेनियमला साधारण एक भाग, एवढेच असते. म्हणजे ग्रॅमभर रेडियमबरोबर सुमारे तीन टन युरेनियम हाती येई. चिनी मातीच्या भांड्यांना रंग देण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. युद्धकाळात १९४० मध्ये खाण बंद पडली. अणुबॉम्बच्या संशोधनामुळे युरेनियमला अचानक महत्त्व आले, तेव्हा १९४२ मध्ये ती गुप्तपणे पुन्हा सुरू झाली आणि १९४४ मध्ये कॅनडा सरकारने कंपनीच ताब्यात घेतली. अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पाला लागलेल्या युरेनियमचा सर्वात मोठा वाटा काँगोचा असला, तरी ग्रेट बेअरचे खनिजही त्यात होते.

हे खनिज पोत्यांत भरून होड्यांतून सरोवरापार जाई. पुढे ग्रेट बेअर नदी, मॅकेन्झी नदी, ग्रेट स्लेव्ह सरोवर अशा जलमार्गाने ते दक्षिणेकडील रेल्वेपर्यंत पोहोचे. नदीला जेथे खळाळ आहेत तेथे पोती उतरवून पुन्हा चढवावी लागत. या हमालीत डेने पुरुष होते. पोत्यांतून झिरपणारी बारीक भुकटी त्यांच्या अंगावर पडे. किरणोत्साराचे धोके तेव्हा अगदीच अज्ञात होते असे नाही. रेडियमने तबकड्या रंगविणाऱ्या अमेरिकी कामगार मुलींचा खटला १९२८ मध्येच गाजला होता. डेने हमालांना मात्र आपण काय वाहून नेत आहोत, याची कल्पना कोणी दिली नव्हती.

युरेनियमचे उत्पादन १९६० मध्ये थांबले. त्यानंतर १९६४ पासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्याच परिसरात चांदी काढली गेली. खनिज काढून उरलेला किरणोत्सारी गाळ काही प्रमाणात सरोवरात, तर काही काठावरील सखल भागांत टाकलेला होता.

डेलिनेतील अनेक हमाल कर्करोगाने दगावल्याची भावना गावात बळावली होती. गावाचे प्रतिनिधी १९९८ मध्ये हिरोशिमाला गेले आणि तेथील पीडितांपुढे त्यांनी खेद व्यक्त केला. आपल्या भूमीतील खनिजाचा असा उपयोग होणार हे ज्यांना ठाऊकच नव्हते, त्यांनी हे पाऊल उचलावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सरकार आणि गाव यांच्या संयुक्त समितीने २००५ मध्ये अहवाल दिला. हमालांचे आजार किरणोत्सारामुळेच झाले असे निश्चितपणे म्हणता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र जमिनीखाली काम केलेल्या खाणकामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे स्वतंत्र अभ्यासांतून दिसून आले आहे. हमालांच्या संपर्काच्या त्या काळातील नोंदी अपुऱ्या असल्याने त्यांच्याबाबतचा प्रश्न पूर्णपणे मिटला, असे मानणे कठीण आहे.

पोर्ट रेडियमची साफसफाई २००७ मध्ये करण्यात आली. सरोवर व त्याच्या परिसराला २०१६ मध्ये युनेस्कोने ‘त्सा तुए’ या नावाने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी डेलिनेला स्वशासनाचा अधिकार मिळाला. पूर्व काठावरील खडकांत खनिजे अजूनही आहेत. मात्र त्या भूमीविषयीचे निर्णय घेताना आता डेने समाजाला डावलता येणार नाही. १९३० मध्ये त्यांना कोणी विचारलेही नव्हते.